नळीच्या आतल्या खाचा

"हीच का ती बंदुकीची बाई? ही तर कॉलेजातली पोरगी दिसती."

म्हणणारा माझ्याकडे पाहत नव्हता. न्यायालयाच्या व्हरांड्यात भिंतीलगतच्या बाकावर तो बसला होता आणि शेजारच्या बाईच्या कानात सांगितल्यासारखं बोलला होता. बाईने मान न वळवता त्याला गप्प केलं. "हळू बोल. ऐकू जाईल तिला."

मला ऐकू गेलं होतं. मी मांडीवरची फाइल उघडून पहिलं पान वाचत असल्यासारखी बसून राहिले. ते पान माझं मीच लिहिलेलं होतं.

बाई चाळिशीची असेल. काळ्या बुरख्याचा तोंडावरचा पडदा मागे टाकलेला, पायांत स्लिपर, मांडीवर डब्याची कापडी पिशवी. थोड्या वेळापूर्वी शिपायाने तिला विचारलं होतं, मयताचे कोण तुम्ही, आणि ती म्हणाली होती, मी बायको, हा दीर, खुलताबादहून आलोत. तेव्हापासून मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. साक्षीदाराने कुठल्याच बाजूच्या माणसांशी बोलायचं नसतं, हा नियम मला सांगितलेला होता. तो नसता तरी मी बोलले नसते.

दीर पुन्हा काहीतरी पुटपुटला. या वेळी ती जरा मोठ्याने बोलली. माझ्यासाठी नव्हे, पण मला टाळूनही नव्हे.

"हौ, लहान असेना. तिच्या मशीनमधी दिसतं म्हणे सगळं. कुणाची गोळी होती तेवढं ती सांगेल. मला दुसरं काय पाहिजे? शिक्षा देणारे ते बसलेत आत. मला फक्त कळू दे, कुणी मारलं."

तिचा नवरा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. आदल्या उन्हाळ्यात सिल्लोडच्या रस्त्यावरच्या एका गावात लग्नाची वरात निघाली होती. नाच चालू असताना नवरदेवाच्या बाजूच्या दोघांनी हवेत गोळ्या झाडल्या. निदान दोघांनी झाडल्या असं काही साक्षीदार म्हणत होते, काही म्हणत होते एकच होता. झाडणाऱ्याच्या खांद्यावर कुणीतरी नाचताना हात टाकला असेल, त्याचा बंदुकीचा हात खाली आला असेल. पहिल्या रांगेतला क्लॅरिनेटवाला खाली बसला. बाकीचा बँड काही वेळ वाजतच राहिला, कारण मागच्यांना वाटलं तो वाकलाय. हे सगळं मी कागदांत वाचलेलं. मला त्या माणसाबद्दल स्वतःचं असं एकच माहीत होतं: त्याच्या बरगडीजवळून काढलेला शिशाचा एक तुकडा, जो मी कित्येक दिवस डोळ्यांपुढे फिरवून पाहिला होता.

दोघांपैकी एकाचं हत्यार कधी सापडलंच नाही. तो म्हणे, माझ्याकडे नव्हतंच. दुसरा पळून गेला. त्याच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. पावसाळा संपल्यावर तो सापडला आणि त्याने शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत पुरून ठेवलेलं ते रिव्हॉल्व्हरही सापडलं. आता प्रश्न एवढाच उरला होता की गोळी या रिव्हॉल्व्हरची की त्या न सापडलेल्या हत्याराची. आणि तो प्रश्न पार्सलात बांधून आमच्या प्रयोगशाळेत आला होता.

नळीच्या आत खाचा असतात हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. आमच्या घरीही नव्हतं. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी जेवताना मी बाबांना विचारलं की ग्रूव्हला मराठीत काय म्हणू. मी शिकले सगळं इंग्रजीत. शाळेत मराठी बोललं तर बाईंचे डोळे मोठे व्हायचे आणि घरी इंग्रजी बोललं तर आईचे. अशात जे शब्द कामाचे, ते मला एकाच भाषेत येतात. प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांनी बजावलं होतं की या कोर्टात जबाब मराठीत घेतात, इंग्रजी शब्द टाकत बसू नकोस, स्टेनो चुकतो आणि मग वाक्य तुझ्या नावावर लागतं.

"आटे म्हण ना," बाबा म्हणाले. ते वाळूजला एका कारखान्यात लेथवर आहेत. "आम्ही रोज पाडतो."

मी म्हटलं, आटे म्हटलं की लोकांना स्क्रू दिसेल. स्क्रू बोटभर जागेत किती फेरे घेतो. नळीतली खाच इतकी सावकाश वळते की छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी बाहेर पडेपर्यंत तिचा एक फेरासुद्धा पूर्ण होत नाही. पण वळण मिळालेलं असतं, म्हणून ती बाहेर पडल्यावर गरगरत जाते.

"पण तिला फिरवायची कशाला?" आईने विचारलं. "सरळ जाऊ द्यायची."

मी म्हटलं, सरळ जावी म्हणूनच फिरवायची. भोवरा फिरत असतो तोवर उभा असतो, थांबला की लवंडतो. न फिरणारी गोळी हवेत कुठेही कलते, फिरणारी आपली दिशा सोडत नाही. पूर्वी बाणाच्या शेपटाला पिसं तिरकी लावायचे ते त्याचसाठी. मग मी बोलत गेले. पाचेकशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुठल्यातरी बंदूक करणाऱ्याने नळीत आतून पहिल्यांदा खाचा पाडल्या. त्या तिरक्या नव्हत्या, सरळ होत्या, असंही मानतात. दारूची काजळी साचून नळी चोंदायची, त्या काजळीला बसायला जागा म्हणून. नंतर कुणीतरी त्या पिळून पाहिल्या आणि गोळी नेमकी लागायला लागली. कुणी, कुठे, का, हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. ज्यांनी ते पाहिलं त्यांनाही कारण कळलं नव्हतं. काही म्हणायचे, गोळीवर सैतान स्वार होऊन तिला भरकटवतो, फिरत्या गोळीवर त्याला बसता येत नाही. दुसरे म्हणायचे, छे, सैतानच तिला फिरवतो.

"आणि सत्तावनच्या उठावातली ती काडतुसं," मी म्हटलं. "चरबीचं सगळे सांगतात. चरबी लागायची का ते शाळेत कुणी सांगितलं नाही. नवीन बंदुकीच्या नळीत खाचा होत्या. गोळी त्यात घट्ट बसायला हवी आणि तरी आत सरकायला हवी, म्हणून कागदाला वंगण."

आईने पोळी वाढता वाढता बाबांकडे पाहिलं. "लग्नाचं विचारलं तर हिच्या तोंडून शब्द फुटत नाही. बंदुकीचं विचारलं तर थांबत नाही बघा."

बाबा हसले. मीही हसले असेन. पण तिथून पुढे मी काही बोलले नाही, कारण पुढचं त्या केसचं होतं आणि ते घरी सांगायचं नव्हतं.

पुढचं असं की या खाचांचा आणखी एक उपयोग निघाला, जो त्या पाडणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हता. शिसं मऊ. नळीतून जाताना खाचांच्या कडा गोळीवर उमटतात. खाचा किती, उजवीकडे वळतात की डावीकडे, हे एका बनावटीच्या सगळ्या रिव्हॉल्व्हरांचं सारखंच असतं. पण खाच पाडणारं अवजार प्रत्येक वेळी किंचित झिजतं, म्हणून त्या रुंद पट्ट्यांच्या आत केसाहून बारीक रेघा पडतात आणि त्या दुसऱ्या कुठल्याही नळीत तशाच नसतात. आम्ही पकडलेल्या हत्यारातून कापसाच्या पेटीत गोळी झाडतो, ती काढतो, आणि मृताच्या शरीरातल्या गोळीशेजारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. मध्ये एक बारीक उभी रेघ असते, अलीकडे एक गोळी, पलीकडे दुसरी. दोन्ही हळूहळू फिरवायच्या. जुळल्या की मधली रेघ असूनही नसल्यासारखी होते. फाटलेल्या फोटोचे दोन तुकडे एकमेकांशेजारी सरकवावेत आणि चेहरा पुरा व्हावा, तसं. त्या क्षणाची मला या नोकरीत सवय झाली नाही. दर वेळी मी खुर्चीतून उठून पाणी पिऊन येते आणि पुन्हा बघते.

या केसमध्ये तो क्षण आला नाही.

रुंद पट्ट्या जुळल्या. संख्या तीच, वळण तेच. पण बारीक रेघा जुळेनात. मृताच्या गोळीवर त्या स्वच्छ होत्या. आम्ही झाडलेल्या गोळ्यांवर त्यांच्या जागी नुसतेच लांबट ओरखडे होते आणि तेही प्रत्येक गोळीवर वेगळे. मी नळीत प्रकाश सोडून पाहिलं. आतून कुणीतरी ती पॉलिश पेपरने घासली होती. सळीला गुंडाळून, पुढून मागे, मागून पुढे. नळीत ठिकठिकाणी गंजाचे खड्डे होते, पावसाळाभर जमिनीत राहिल्याचे, आणि ओरखडे त्या खड्ड्यांच्या कडांवरून गेलेले होते. खोल गेलेल्या एका ओरखड्यात तेल होतं आणि तेलात धरून राहिलेले पिवळे-लाल कण. पिवळे मी काचेवर घेऊन त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला. ते लाल झाले. हळद होती.

आणि तेव्हा मला हवालदारकाका आठवले.

ते पार्सल घेऊन आले होते दसऱ्यानंतर. त्यांच्या ठाण्याचा मुद्देमाल त्यांच्याच ताब्यात असतो, म्हणून दर वेळी तेच येतात. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले, पण बूट आरशासारखे. आमच्याकडे पार्सल घ्यायला वेळ लागतो. सील बघायचं, नोंद करायची. तेवढ्या वेळात ते बाकावर बसतात आणि सगळ्यांशी बोलतात. माझ्याशीही, मी उत्तर देत नसले तरी. त्या दिवशी त्यांनी रुमालातून सीताफळं काढून टेबलावर ठेवली होती. दौलताबादकडची, मॅडम, खाऊन बघा. आणि मग दसऱ्याचं सांगत बसले. त्यांच्या ठाण्यात खंडेनवमीला शस्त्रपूजा कशी जोरात होते, रायफली, पिस्तुलं सगळी धुऊन-पुसून तेल लावून पाटावर मांडतात, साहेब स्वतः नारळ फोडतात. "आमच्याकडं कुठलंबी हत्यार त्या दिवशी गंजलेलं दिसणार नाय, मॅडम. मुद्देमालातलं असलं तरी. शस्त्र ते शस्त्र. त्याला काय माहीत ते कुणाच्या हातात होतं?"

मी तेव्हा मान हलवली होती. पार्सलवर सील व्यवस्थित होतं. ते सील पूजेनंतर लागलेलं होतं, हे मला सूक्ष्मदर्शकापुढे बसल्यावर कळलं. रिव्हॉल्व्हर सापडलं नवरात्रात. सगळे बंदोबस्तात. ते उघडंच कपाटात राहिलं असणार, आणि नवमीच्या सकाळी ते चिखलाने माखलेलं, तांबूस झालेलं हत्यार काकांना बघवलं नसणार. माणूस देवघरातली काळी पडलेली समई जशी घासायला घेतो, तसं त्यांनी ते घेतलं असेल. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. मला हे त्यांनी न सांगताही खात्रीने माहीत आहे.

मी सरांकडे गेले आणि काका जे बोलले होते तेही सांगितलं. सरांनी सगळं स्वतः पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "पाहिलं ते लिही. ऐकलं ते लिहू नकोस. आपण नळीचे साक्षीदार, माणसांचे नाही." म्हणून मी अहवालात लिहिलं की खाचांची संख्या व दिशा जुळते, बारीक रेघांची तुलना शक्य नाही, नळीत आतून घासल्याचे ओरखडे आहेत, ते गंजाच्या खड्ड्यांवरून गेलेले आहेत, तेल व हळदीसारखे कण आढळले. सगळं लिहिलं होतं. एका पानावर, एकाखाली एक, कुणी नीट वाचलं तर कळेल असं.

कुणी वाचलं नाही. म्हणजे, ज्याला जे हवं ते त्याने वाचलं. आमचा अहवाल बहुतेक वेळा कोर्टात नुसता लावला जातो, आम्हाला बोलावत नाहीत. या वेळी आरोपीच्या वकिलांनी "तुलना शक्य नाही" एवढं वाचून मला बोलवायचा अर्ज दिला. आणि सरकारी वकिलांनी "घासल्याचे ओरखडे" एवढं वाचलं.

शिपायाने माझं नाव पुकारलं तेव्हा ती बाई आणि तिचा दीर माझ्या मागोमाग आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मला दिसलं की भिंतीलगत हवालदारकाका उभे आहेत. मुद्देमाल घेऊन तेच आले होते. रिव्हॉल्व्हरचं पार्सल त्यांच्यापुढच्या टेबलावर होतं. मला बघून त्यांनी ओळखीचं हसून मान झुकवली, घरातल्या पोरीची परीक्षा असावी तशी.

आरोपी डाव्या बाजूला होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. पांढरा शर्ट, कपाळावर घाम, हात एकमेकांत. तिशीचाही नसेल. तो माझ्याकडे नव्हे, जमिनीकडे बघत होता. मला त्याच्याबद्दल काहीच वाटलं नाही, हे मी खरं लिहिते. त्याने गर्दीत हवेत गोळ्या झाडल्या होत्या, ते त्याने कबूलही केलं होतं. गोळी नेमकी जावी म्हणून माणसांनी शतकानुशतकं नळीत पीळ घातले, आणि याने ती कुठे जावी हे न ठरवताच सोडली होती.

शपथ झाली. सरकारी वकिलांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, मग पद्धत विचारली. मी सांगितलं. आवाज बारीक येत होता. न्यायाधीशांनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. खाचा म्हटलं, पीळ म्हटलं, भोवऱ्याचंही सांगितलं. स्टेनोचे हात चालू होते. शेवटच्या बाकावरची बाई पुढे झुकून ऐकत होती. तिला सगळं कळत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली.

"खाचांची संख्या आणि दिशा जुळते. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे ही गोळी याच प्रकारच्या रिव्हॉल्व्हरची आहे."

"याच प्रकारच्या. हो."

"आता तुम्ही लिहिलंय की नळी आतून घासलेली आहे." त्यांनी कागद वर धरला. "गोळी कुठल्या हत्याराची हे ओळखू येऊ नये म्हणून नळी घासतात, हे तुम्हाला माहीत आहे?"

"तसं करतात कधीकधी."

"आरोपी चार महिने फरार होता. हत्यार त्याच्याकडे होतं. पुरावा नाहीसा करण्यासाठी त्यानेच नळी घासलेली असणं शक्य आहे की नाही?"

आरोपीचे वकील अर्धवट उठून हरकत घ्यायला लागले, न्यायाधीशांनी त्यांना हाताने बसवलं. तज्ज्ञ आहेत, उत्तर देतील, म्हणाले.

शक्य आहे. हे दोन शब्द कुणी चूक ठरवू शकलं नसतं. शक्य काय नसतं? मी शाळेपासून अशाच शब्दांच्या आड राहत आले आहे, असेल, बहुतेक, सांगता येत नाही. ते दोन शब्द बोलून मी पिंजऱ्यातून उतरू शकत होते. सरकारी वकील त्यावर उरलेलं बांधून काढणार होते. घासली कुणी, तर ज्याला लपवायचं होतं त्याने. लपवायचं कुणाला असतं, तर ज्याने मारलं त्याला. शेवटच्या बाकावरच्या बाईला तिचं उत्तर मिळालं असतं. ती डब्याची पिशवी घेऊन एसटी पकडून घरी गेली असती आणि रात्री पोरांना सांगितलं असतं, कळलं, त्यानेच. काका सीताफळाच्या मोसमात पुन्हा आले असते.

आणि कदाचित ते खरंही असतं. हेच मला सगळ्यात जड जात होतं. कदाचित खरोखरच त्याच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी होती. पण ते मला माहीत नव्हतं, आणि मी बोलले की ते माहीत असल्यासारखं झालं असतं.

मी काकांकडे पाहिलं. त्यांना अजूनही काही कळलेलं नव्हतं. ते माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

"मॅडम," सरकारी वकील म्हणाले, "हो की नाही?"

न्यायाधीशही म्हणाले की घाबरू नका, जे आहे ते सांगा. मी कठड्याला धरलं. लाकूड गुळगुळीत झालेलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

मी सरकारी वकिलांकडे न बघता न्यायाधीशांकडे वळले आणि एक एक वाक्य सुटं करून बोलले, स्टेनोला घेता येईल असं. म्हटलं की हत्यार लपवायच्या आधी घासलं असतं, तर गंज ओरखड्यांवर चढला असता. इथे ओरखडे गंजावरून गेलेले आहेत. म्हणजे आधी गंज, मग घासणं. पावसाळा आधी, पॉलिश पेपर नंतर. आणि ओरखड्यात तेलात बसलेली हळद आहे. लपवणारा माणूस नळीत हळद कशाला घालेल?

न्यायाधीशांनी माझा अहवाल पुन्हा उघडला आणि बोट ठेवून वाचला. मग त्यांनी मुद्देमालाच्या टेबलाकडे आणि तिथून भिंतीकडे पाहिलं. मी तिकडे बघितलं नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं की काकांनी टोपी काढून हातात घेतली आहे. त्यांना कळलं होतं.

सरकारी वकील खाली बसले. आरोपीच्या वकिलांना तर विचारायला काही उरलंच नव्हतं, ते कागद एकत्र करत होते आणि त्यांना झालेला आनंद त्यांना लपवता येत नव्हता. मला त्यांच्या बाजूने बोलायचं नव्हतं. मला कुणाच्याच बाजूने बोलायचं नव्हतं. पण झालं तसंच होतं.

मागे बाकावर हालचाल झाली. बाई उभी राहिली होती. शिपाई तिला खाली बसायची खूण करत होता, दीर तिचा हात ओढत होता. ती कुणावर ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, न्यायाधीशांना नाही, मला.

"मग गोळी कुणाची होती, बेटा?"

न्यायाधीश तिला बसवतील असं वाटलं. त्यांनी बसवलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, याचं उत्तर जबाबातही हवं आहे, द्या.

या वेळी मला कुणी मोठ्याने बोला म्हटलं नाही.

"ते त्या नळीत लिहिलेलं होतं," मी म्हटलं. "हत्यार सापडलं त्या दिवशी मला ते वाचता आलं असतं, असं मला वाटतं. नंतर ते घासून टाकलं गेलं, आणि घासणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. या रिव्हॉल्व्हरची असेल, नसेलही. आता ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या कुणालाही नाही."